आजीचं घर, उजाड शहर आणि टी-जीन

(ग्रंथालयाच्या वार्षिक स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



ज्या बाईंच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला भरते, त्यांनी नोकरीची सारी वर्षं इथल्या देवघेव विभागाच्या खिडकीमागे काढली. रहस्यकथा नेणारा वाचक आणि चरित्र नेणारा वाचक यांच्यात त्यांनी कधी डावं-उजवं केलं नाही. म्हणून आजचा विषय निवडताना मला फारसा संकोच वाटला नाही. गंभीर व्याख्यानांत जिचं नाव सहसा निघत नाही अशा जातकुळीतली एक कादंबरी मी निवडली आहे: ‘ब्राउन गर्ल इन द रिंग’. लेखिका नालो हॉपकिन्सन, प्रकाशन 1998. लेखिकेनंही काही काळ टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयात नोकरी केलेली आहे, तेव्हा बाईंची हरकत नसावी.

या जातकुळीला इंग्रजीत ‘अर्बन फँटसी’ म्हणतात. जादू आहे, पण ती राजवाड्यात किंवा अरण्यात नाही. बसथांब्यावर, भाड्याच्या खोलीत, बंद पडलेल्या कारखान्यात आहे. एमा बुलची ‘वॉर फॉर द ओक्स’ 1987 मध्ये आली. तिच्यात मिनिआपोलिस शहरात रॉक बँडमध्ये गाणारी एक मुलगी पऱ्यांच्या युद्धात ओढली जाते. 1993 मध्ये लॉरेल हॅमिल्टनची अनिता ब्लेक आली, 1997 मध्ये टीव्हीवर बफी आली आणि मग या नायिकांची रांगच लागली. मुखपृष्ठंसुद्धा एकमेकींची बहीण शोभतील अशी: पाठमोरी तरुणी, चामडी जाकीट, हातात काहीतरी धारदार, मागे रात्रीच्या शहराचे दिवे. मी यातल्या बऱ्याच वाचल्या आहेत आणि चवीनं वाचल्या आहेत, तेव्हा नाकं मुरडण्याचा अधिकार मला नाही. पण एक गोष्ट खटकते. या नायिका ‘स्वतंत्र’ असतात म्हणजे नेमक्या कशा असतात? बहुतेकींच्या घरी वाट बघणारं कुणी नसतं. म्हातारं माणूस नाही, तान्हं मूल नाही, कुणाच्या औषधाची वेळ सांभाळायची नाही. मागे-पुढे कुणी नाही म्हणून ती मोकळी, आणि मोकळी आहे म्हणून पराक्रमी. हा हिशेब फार सोपा आहे.

टी-जीनचा हिशेब तसा नाही. कादंबरी सुरू होते तेव्हा तिच्या कडेवर अंगावर पिणारं मूल आहे. मुलाच्या बापाला, टोनीला, ती सोडून आली आहे आणि त्याला मूल झाल्याचं तिनं धड सांगितलेलंही नाही. ती आजीच्या घरात राहते. आजीला सगळे ‘मामी’ म्हणतात, मामी ग्रो-जीन. आई, मी-जीन, बऱ्याच वर्षांपूर्वी वेड लागून घरातून नाहीशी झालेली. आणि हल्ली टी-जीनला समोरून चालत येणारी माणसं कशी मरणार आहेत, ते दिसू लागलं आहे.

या ‘दिसण्या’ला ती शक्ती म्हणत नाही. तिला वाटतं, आईला झालं तेच आपल्यालाही होतंय. त्यामुळे ती कुणाला सांगत नाही, आजीला तर नाहीच. कारण आजी ऐकून घाबरणार नाही, उलट ‘चल, शिकायला बस’ म्हणेल. शक्ती सापडल्याचा आनंद या कादंबरीत कुठंही नाही. आहे तो कंटाळा, भीती आणि आजीवरचा राग. घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं एखादं काम आता आपल्या गळ्यात पडणार, हे कळलेल्या मुलीचा तो राग आहे.

आता थोडं लेखिकेविषयी. हॉपकिन्सनचा जन्म 1960 चा, जमैकातल्या किंग्स्टनचा. वडील स्लेड हॉपकिन्सन हे गयानाचे कवी, नाटककार आणि नट. आई ग्रंथालयात काम करणारी. बालपण जमैका, त्रिनिदाद, गयाना असं फिरतीवर गेलं आणि 1977 मध्ये कुटुंब टोरांटोला आलं. पहिल्या कादंबऱ्यांसाठी एका अमेरिकन प्रकाशनानं घेतलेल्या स्पर्धेत हे हस्तलिखित पहिलं आलं आणि त्यातून पुस्तक निघालं. पुढं अमेरिकेतल्या विज्ञानकथा व अद्भुतकथा लेखकांच्या संघटनेनं तिला ‘ग्रँड मास्टर’ केलं. तो मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री.

कादंबरीचा सांगाडा तिनं डेरेक वॉलकॉटच्या एका नाटकावरून उचलला आणि तसं उघड सांगितलं. वॉलकॉट म्हणजे 1992 चे नोबेलविजेते. त्यांच्या ‘टी-जीन अँड हिज ब्रदर्स’ या 1958 च्या नाटकात तीन भाऊ आहेत. थोरला ताकदीच्या बळावर सैतानाशी भिडतो आणि हरतो, मधला पुस्तकी शहाणपणावर भिडतो आणि हरतो, धाकटा जिंकतो. हॉपकिन्सननं भाऊ काढून टाकले आणि त्यांच्या जागी आजी, आई, नात आणल्या. नावं तीच ठेवली: ग्रो, मी, टी, म्हणजे मोठी, मधली, धाकटी. या एका बदलानं सगळं उलटंपालटं होतं. भाऊ एकामागून एक सैतानाकडे जातात आणि मागच्याचं अपयश पुढच्याच्या वाट्याला धडा म्हणून येतं. इथं मागच्या दोघींचं अपयश नातीच्या रक्तात आहे, घरात आहे, आणि सैतानही परका नाही. या शहराचा गुंड, रूडी, तिचा सख्खा आजोबा आहे.

शहराबद्दल मात्र सावकाश बोलायला हवं, कारण ‘अर्बन’ हा शब्द या कादंबरीनं जितका मनावर घेतला आहे तितका क्वचितच कुणी घेतला असेल.

काळ नजीकच्या भविष्यातला. मूलनिवासींच्या जमिनीच्या दाव्यावरून व्यापारबंदी लादली जाते, प्रांताचा पैसा आटतो, शहराचं दिवाळं वाजतं, दंगली होतात. मग सरकार, बँका, दुकानदार आणि ज्यांना परवडतं ते सगळे उपनगरांत निघून जातात आणि मधल्या शहराभोवती रस्ते अडवले जातात. राहतात ते गरीब, म्हातारे, रस्त्यावरची पोरं. या भागाला लोक ‘बर्न’ म्हणतात. पोलीस नाहीत, दवाखाना नाही, नोटांना फारशी किंमत नाही, वस्तूंची अदलाबदल चालते. भुयारी रेल्वेच्या बोगद्यांत पोरांच्या टोळ्या राहतात. उद्यानात भाजी पिकते. रूपसिंग नावाच्या माणसाचं रोटीचं दुकान आहे. 1845 मध्ये ‘फतेल रझाक’ जहाजातून पहिले भारतीय गिरमिटिये त्रिनिदादला उतरले, त्यांच्या वंशजांनी रोटी कॅरिबियनची करून टाकली आणि तिथून ती टोरांटोला पोचली. त्या रोटीच्या वासानिशी आपणही या कादंबरीच्या एका कोपऱ्यात उभे असतो.

हे सारं हवेतून आलेलं नाही. 1995 मध्ये ओंटारिओ प्रांतात माइक हॅरिस यांचं सरकार आलं आणि खर्चकपातीचा सपाटा लागला. जुनं टोरांटो आणि भोवतालची उपनगरं मिळून एकच महानगर करायचं ठरलं. मार्च 1997 च्या मतदानात लोकांनी सुमारे तीन विरुद्ध एक अशा प्रमाणात नको म्हणून सांगितलं. तरीही 1 जानेवारी 1998 ला विलीनीकरण झालंच. त्याच वर्षी ही कादंबरी आली. प्रत्यक्षात शहर उपनगरांना जोडलं गेलं, कादंबरीत उपनगरांनी शहर तोडून टाकलं. दोन्हीकडे मधल्या शहरातल्या माणसांना विचारलं कुणी नव्हतं, किंवा विचारून ऐकलं नव्हतं. आपल्याकडच्या महापालिकांच्या हद्दवाढीचे वाद ज्यांनी जवळून पाहिले आहेत, त्यांना हे वेगळं उलगडून सांगायला नको.

रूडी राहतो सीएन टॉवरवर. हा मनोरा खरा आहे, 1976 चा, 553 मीटर उंच. बुर्ज खलिफानं मागे टाकेपर्यंत तीसेक वर्षं आधाराशिवाय उभी असलेली जगातली सर्वांत उंच वास्तू हीच होती. पर्यटकांनी जिथून शहर पाहायचं, तिथं आता गुंड बसला आहे. त्याच्याकडे कॅलबॅशच्या पोटात, म्हणजे भोपळ्यासारख्या फळाच्या वाडग्यात, कोंडून ठेवलेला एक आत्मा आहे. तो त्याची सगळी घाणेरडी कामं करतो आणि बदल्यात रक्त मागतो. हा आत्मा कुणाचा, हे कादंबरीच्या मध्यानंतर कळतं. तो त्याच्या स्वतःच्या मुलीचा, मी-जीनचा आहे. आणि रस्त्यात शिव्या देत भटकणारी आंधळी वेडी बाई हे तिचं उरलेलं शरीर.

मनोऱ्याच्या विरुद्ध बाजूला मामीचं घर. तेही खऱ्या जागी आहे. कॅबेजटाउन भागात रिव्हरडेल फार्म म्हणून एक जागा आहे, पूर्वी तिथं प्राणिसंग्रहालय होतं. पलीकडं 1850 पासूनचं जुनं दफनस्थान, नेक्रोपोलिस. मामी शेताच्या जागेत राहते आणि दफनस्थानाच्या प्रार्थनागृहात तिचे पूजाविधी चालतात. मामी शिकलेली नर्स आहे, दंगलींपूर्वी रुग्णालयात नोकरी करणारी. औषधांचा पुरवठा तुटला तेव्हा तिनं जुन्या झाडपाल्याची आठवण काढली. कुठली पानं खरोखर चालतात, कुठली नाहीत, हे ती पारखून घेते. रस्त्यावरची पोरं पाय मोडलेल्या एका मुलीला उचलून आणतात तेव्हा मामीचं वागणं बघण्यासारखं आहे. मंत्र नाही, अंगारा नाही. हाड जागेवर बसवणं, दुखणं कमी करायचं औषध, बांधणी, आणि पोरांना दटावून सांगितलेले नियम. टी-जीननं मदतीला हात द्यायचा. आजी शिकवते, नात नाइलाजानं शिकते, मधूनमधून बाळ रडतं. जादूच्या कादंबरीत मला सर्वांत जास्त पटलेली ‘विद्या’ हीच आहे.

कॅरिबियन भुतंखेतं मात्र भरपूर आहेत. सुकुयांत नावाची म्हातारी रात्री कातडं उतरवून आगीच्या गोळ्यासारखी उडते आणि लहान मुलांचं रक्त पिते. लोकसमजूत अशी की दारात तांदूळ सांडून ठेवले तर एकेक दाणा मोजल्याशिवाय तिला पुढं जाता येत नाही, आणि मोजता मोजता पहाट होते. मामीच्या पूजेत येणारे देव आफ्रिकेतून गुलामांबरोबर आलेले: शँगो, ओगून, ओया, ओसाइन. मामी ओसाइनची, म्हणजे झाडपाल्याच्या आणि बरं करण्याच्या देवाची. टी-जीनच्या अंगात मात्र येतो स्मशानाचा राजपुत्र, लेग्बराचं एक रूप, वाटांवर आणि मरणाच्या उंबऱ्यावर उभा राहणारा.

‘अंगात येणं’ मी मुद्दामच म्हटलं, कारण मराठी वाचकाला या प्रसंगांसाठी तळटीप लागत नाही. संचार झालेली बाई, तिच्या तोंडून वेगळा आवाज, भोवतालच्यांनी सांभाळून धरणं, नंतर काही आठवत नसणं, हे आपण गावच्या जत्रेत पाहिलेलं असतं. आणि म्हणूनच माझ्यासारख्याला, ज्याला 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा व्हायलाच हवा होता असं मनापासून वाटतं, ही कादंबरी वाचताना आधी जरा अवघडल्यासारखं होतं. डॉ. दाभोलकरांच्या महाराष्ट्रात उभं राहून देवऋषिणीचं कौतुक करायचं?

मी पुस्तक पुन्हा उघडलं ते हा प्रश्न घेऊन. आणि काय दिसलं ते सांगतो. आपल्या त्या कायद्याच्या लांबलचक नावात पहिला गुन्हा येतो तो नरबळीचा. या कादंबरीत नरबळी आहे, चांगला ठसठशीत आहे, पण तो मामीच्या देवघरात नाही. तो सुरू होतो एका अद्ययावत रुग्णालयातून. प्रांताच्या मुख्यमंत्री उटलीबाईंचं हृदय निकामी झालंय. या काळात डुकरांचे अवयव माणसाला बसवायची सोय झाली आहे, पण निवडणूक तोंडावर आहे आणि बाईंना ‘स्वेच्छेनं दिलेलं मानवी हृदय’ हवं आहे, जाहिरातीला बरं म्हणून. रुग्णालयाचा माणूस बर्नमध्ये उतरतो, रूडीला भेटतो, किंमत ठरते. रूडी काम सोपवतो टोनीकडे, कारण टोनी व्यसनी आहे, देणेकरी आहे आणि त्याला थोडं वैद्यकीय ज्ञान आहे. टोनी अखेर हृदय काढतो ते मामीचं. स्वतःच्या मुलाच्या पणजीचं. (डुकराच्या हृदयाचं म्हणाल तर जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये जनुकीय बदल केलेलं तसं हृदय पहिल्यांदा एका माणसाला बसवलं गेलं आणि तो सुमारे दोन महिने जगला. लेखिकेनं हे लिहिलं तेव्हा ही कल्पितकथा होती.)

तेव्हा जादूटोणा खरा की खोटा, यावर कादंबरी डोकं आपटत नाही. कुणाच्या जिवावर कोण जगतं, एवढंच ती विचारते. मामी देवांची सेवा करते. रूडी देवांना आणि मेलेल्यांना नोकर म्हणून वापरतो. दोघांची विद्या एकच आहे. किंबहुना रूडीनं ती मामीकडूनच घेतली आहे, तिचा नवरा असताना. मामीनं त्याच्या मारझोडीला कंटाळून त्याला घराबाहेर काढलं, तेव्हाचा त्याचा डूख कादंबरीभर धुमसतो आहे.

आता शेवटची झुंज. टी-जीन मनोऱ्यावर पकडली जाते. तिला औषध टोचून हातपाय हलवता येऊ नयेत असं केलं जातं. रूडीला तिचा आत्मा वाडग्यात घालायचा आहे, कारण जुना वाडगा फुटला. तो तिला मारायची धमकी देत नाही, लालूच दाखवतो: शरीर सोड, वाऱ्यासारखी हलकी हो, कुणाचं करायचं नाही, कुणाला उत्तर द्यायचं नाही, बाळाचं रडणं नाही, आजीचे हुकूम नाहीत. नीट ऐकलं तर चामडी जाकीटवाल्या नायिकांना जे स्वातंत्र्य आयतं मिळालेलं असतं, तेच इथं सैतान विकतो आहे. आणि टी-जीनला ते क्षणभर हवंसं वाटतं, हे लेखिका लपवत नाही. अंगाला चिकटून असलेल्या मुलाचा वैताग येणारी आई आपल्या कादंबऱ्यांत फार कमी वेळा दिसते. इथं ती पहिल्या पानापासून आहे, म्हणून ही लालूच खरी वाटते.

ती परत शरीरात येते. मग तिला सुचतं ते अफाट आहे. पूजेच्या मांडवात मधोमध एक खांब असतो, त्यावरून देव उतरतात आणि मेलेले वर येतात. ती बसली आहे तो मनोरा म्हणजे शहरातला सर्वांत उंच खांब. मुळं जमिनीत खोल, टोक ढगांत. ती देवांना नावानं हाका मारते. वरून वादळ उतरतं. खालून, ज्यांना रूडीनं मारलं ती सगळी माणसं वर येऊ लागतात. कशातून? लिफ्टमधून. हा तपशील वाचताना मी मोठ्यानं हसलो आणि त्याच वेळी अंगावर काटा आला. गुंडाच्या सत्तेची खूण असलेली वास्तू, एका हाकेत, ज्यांच्यावर सत्ता चालवली त्यांच्या वाटेची वास्तू होते. शहरी अद्भुतकथेनं शहराचा असा उपयोग केल्याचं दुसरं उदाहरण मला पटकन आठवत नाही. अलीकडे एन. के. जेमिसिननं ‘द सिटी वी बिकेम’मध्ये, 2020 मध्ये, न्यूयॉर्कचे विभागच माणसं म्हणून उभे केले. ते भव्य आहे. पण या लिफ्टची सर त्याला नाही.

लक्षात घ्या, टी-जीन स्वतः रूडीला मारत नाही. तलवार नाही, हातातून निघणारी वीज नाही. तिला हाक मारता येते, एवढीच तिची विद्या. शक्ती तिच्यात साठलेली नाही, तिच्यातून जाते. म्हणूनच ती स्वतंत्र आहे असं मला वाटतं. कुणासाठी दार उघडायचं हे ती ठरवते.

कादंबरीच्या नावात एक खेळ आहे. कॅरिबियन मुली गोल धरतात, एकजण मधे जाते, काहीतरी हालचाल करून दाखवते, बाकीच्या तिची नक्कल करतात. ते गाणं आपल्याकडच्या एका पिढीला 1978 पासून ‘बोनी एम’मुळे माहीत आहे. आपल्या भोंडल्यात मधे हत्ती असतो, पाटावर काढलेला, गप्प. तिथं मधे मुलगीच उभी आणि तिनं काहीतरी करून दाखवायचंच असतं.

एक तक्रार नोंदवतो. मामीचं हृदय उटलीबाईंच्या छातीत गेल्यावर आधी झटापट होते आणि मग बाई वेगळ्याच माणूस होऊन उठतात. शहराला पैसा देण्याची, तिथल्याच छोट्या धंदेवाल्यांना कर्ज देण्याची भाषा बोलू लागतात. कल्पना म्हणून ही गमतीची आहे. राजकारण म्हणून फारच स्वस्त. ज्या लेखिकेनं दिवाळखोरीची कारणं एवढ्या बारकाईनं लावली, तिनं सुटका एका बाईच्या हृदयपालटावर सोडावी, हे मला आजही पटत नाही.

पण टोनीच्या बाबतीत ती अजिबात स्वस्त होत नाही. मामीच्या दिवसकार्याला तो येतो. टी-जीन त्याला येऊ देते, पण माफ करत नाही. लोक तिच्याकडे मामीच्या जागी बसायला आलेली म्हणून बघू लागतात. त्या जागेलाही ती पटकन हो म्हणत नाही. बाळाला अजून नाव द्यायचं राहिलंय, त्याचा विचार ती करते आहे, तेवढ्यावर कादंबरी थांबते.

आपल्याकडचं काय, असं कुणीतरी विचारेलच, म्हणून आधीच बोलतो. नारायण धारपांनी मराठी वाचकाला भीतीची गोडी लावली, मी त्यांचा ऋणी आहे. पण त्यांच्या कथांत घरावर संकट आलं की त्यांचे ठरलेले तारणहार, समर्थ, येतात. घरातल्या बाईला बहुधा वाचवलं जातं. हॉपकिन्सननं उप्पिंदर मेहन यांच्यासह 2004 मध्ये वसाहतोत्तर देशांतल्या विज्ञान-अद्भुतकथांचं ‘सो लाँग बीन ड्रीमिंग’ हे संकलन केलं. त्यात वंदना सिंह यांची ‘दिल्ली’ ही कथा आहे. दिल्लीला जागा मिळाली. मुंबईची कथा त्यात नाही, आणि तो दोष संपादकांचा नव्हे.

सामग्रीची तर वाण नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरण्या थांबल्या, त्यानंतरच्या गिरणगावात किती घरं बायकांच्या खाणावळींवर तगली हे लालबाग-परळच्या माणसांना ठाऊक आहे. चाळी पडल्या, टॉवर उभे राहिले आणि त्यांच्या पायथ्याशी कुठंकुठं गावदेवी अजून तशीच बसून आहे, रोजच्या हळदीकुंकवासकट. अशा एखाद्या खाणावळवालीची नात, नोकरी करणारी, लोकलनं जाणारी, देवाधर्माचा कंटाळा असलेली, तिला एक दिवस काहीतरी दिसू लागतं. समर्थांनी यायचं नाही, एवढी अट. असं हस्तलिखित कुणाकडे पडलेलं असेल तर मला वाचायला द्या. तपासूनही देईन, मोबदला नको.